रोबोची मूळ प्रत कुठे असते?

मंडळी, आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना बॅकअपचं फारसं कौतुक नसतं. कोड रिपॉझिटरीत असतो, रिपॉझिटरीची नक्कल दुसऱ्या सर्व्हरवर असते आणि प्रत्येकाच्या लॅपटॉपवर एकेक प्रत पडलेली असतेच. सर्व्हर उडाला तर थोडा वेळ शिव्या घालायच्या, नवा उभा करायचा आणि चहाला जायचं. सर्व्हर ही कोड चालवायची जागा, मूळ प्रत तिथे नसतेच मुळी.

कारखान्यातल्या रोबोचं नेमकं उलटं आहे. वीस-पंचवीस वर्षं जुना एखादा वेल्डिंग रोबो घ्या. त्याच्या कंट्रोलरच्या मेमरीत जो प्रोग्रॅम आहे तीच मूळ प्रत, आणि बरेचदा एकुलती एक. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एखादी फाइल असते, नाही असं नाही, पण ती रोबो बसवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी दिलेली. त्यानंतर फिक्स्चर झिजलं, पत्रा पुरवणारा बदलला, टॉर्च कुठेतरी आपटून किंचित वाकली, आणि दरवेळी कुणीतरी टीच पेंडंट हातात घेऊन एखादा बिंदू मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकवला. हे सगळं फक्त यंत्रात साठलेलं असतं. ऑफिसातली फाइल म्हणजे पोराचा बारशाचा फोटो. तो घेऊन कॉलेजच्या ओळखपत्राला चिकटवता येत नाही.

जुन्या कंट्रोलरचा बॅकअप घेताना लोकांची जी तारांबळ उडते तिचं मूळ इथे आहे. आणि ते मूळ वायर-सॉकेटपेक्षा बरंच जुनं आहे. आधी इतिहास सांगतो, मग कृती. (घाईत असलेल्यांनी सरळ खाली जावं, रागावणार नाही.)

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत यंत्रं आपोआप चालवायच्या दोन वाटा दिसत होत्या. पहिली जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९४६-४७ च्या सुमारास आजमावली गेली. कसलेल्या कारागिराने यंत्रावर एक नग स्वतःच्या हाताने करायचा, त्याच्या हालचाली टेपवर नोंदवायच्या, आणि मग टेप वाजवली की यंत्र तेच पुन्हा करणार. गाणं रेकॉर्ड करावं तसं. दुसरी वाट जॉन पार्सन्स यांची. हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करताना त्यांना सुचलं की आकार गणिताने मांडायचा आणि आकडेच यंत्राला द्यायचे. अमेरिकन वायुदलाने पैसा ओतला, एमआयटीने काम केलं आणि १९५२ मध्ये छिद्रांच्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग यंत्र दाखवलं. तीच आपली एनसी, म्हणजे आजच्या सीएनसीची आजी.

दोन्हींत टेप आहे, पण फरक बघा. दुसऱ्या वाटेत टेप ऑफिसात तयार होते. यंत्राला स्वतःची आठवण नाहीच. टेप फाटली तर ऑफिसातून दुसरी मागवा. पहिल्या वाटेत टेप यंत्राशेजारी, कारागिराच्या हातून जन्मते. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या पुस्तकात असा दावा केला की पहिली वाट मागे पडली ती ती वाईट होती म्हणून नव्हे, तर तिच्यात कौशल्याची चावी कामगाराच्या हातात राहत होती आणि व्यवस्थापनाला ते नको होतं. मला हा दावा अर्धाच पटतो. विमानाच्या भागांचे वेडेवाकडे आकार हाताने करून 'रेकॉर्ड' करणं कठीणच होतं, आणि वायुदलाला तेच हवे होते. पण उरलेला अर्धा दावा खोडून काढता येत नाही.

जाता जाता, कर्ट व्हॉनेगट हा लेखक तेव्हा जनरल इलेक्ट्रिकच्याच प्रसिद्धी खात्यात नोकरीला होता. त्याच्या 'प्लेयर पियानो' (१९५२) या कादंबरीत रुडी हर्ट्झ नावाचा एक म्हातारा कारागीर आहे, ज्याच्या हातांच्या हालचाली टेपवर उतरवून घेतल्यावर त्याची गरजच उरलेली नाही. असो, विषयांतर झालं.

तर ही मागे पडलेली पहिली वाट मेली नाही. ती रोबो होऊन परत आली. जॉर्ज डेव्होल हा अमेरिकन संशोधक चुंबकीय रेकॉर्डिंगने यंत्र चालवायच्या कल्पनेवर १९४० च्या दशकापासून खटपट करत होता. १९५४ मध्ये त्याने वस्तू उचलून ठेवणाऱ्या, हवं ते शिकवता येणाऱ्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला, पेटंट मिळालं १९६१ मध्ये. मधल्या काळात, १९५६ मध्ये, एका कॉकटेल पार्टीत त्याची गाठ जोसेफ एंगलबर्गर या इंजिनिअरशी पडली आणि त्यातून 'युनिमेट' उभा राहिला. १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात तो डायकास्टिंगचे गरमागरम तुकडे उचलायला लागला. पावणेदोन टनांहून जड, हायड्रॉलिकवर चालणारा हात, आणि त्याची स्मृती एका फिरत्या चुंबकीय ड्रमवर! शिकवायची पद्धत साधी: हात हव्या त्या जागी न्या, बटण दाबा, सांध्यांची स्थिती ड्रमवर नोंदवली. पुढची जागा, पुन्हा बटण. प्रोग्रॅम लिहायचा नाही, दाखवायचा.

बारकाईने पाहिलंत तर आजची सगळी डोकेदुखी इथे जन्माला आलेली दिसेल. मूळ प्रत यंत्रात, कारण ती यंत्रातच तयार झाली. ऑफिसात कधी नव्हतीच. फक्त ड्रमची एक गंमत होती, वीज गेली तरी त्याच्यावरचं पुसलं जात नसे.

पुढची काही वर्षं भरभर ओलांडू. १९७४ मध्ये स्वीडनच्या आसेआ कंपनीने आयआरबी ६ आणला, संपूर्ण विजेवर चालणारा आणि इंटेलच्या ८००८ मायक्रोप्रोसेसरच्या हुकमातला. पहिला गेला दक्षिण स्वीडनमधल्या एका छोट्या कारखान्यात, स्टीलचे पाइप पॉलिश करायला. १९७८ मध्ये युनिमेशनचा प्यूमा आला, त्याला 'व्हाल' नावाची चक्क प्रोग्रॅमिंगची भाषा होती आणि प्रोग्रॅम फ्लॉपीवर उतरवता येत. आता आमच्यासारख्यांना ओळखीचं वाटायला लागतं.

आणि मग जपान. फानुक ही कंपनी १९७२ मध्ये फुजित्सुमधून वेगळी झाली. धंदा एनसीचा, म्हणजे वरच्या दुसऱ्या वाटेचा. पण लवकरच त्यांनी रोबो करायला घेतले आणि १९८२ मध्ये जनरल मोटर्सबरोबर जीएमफानुक ही भागीदारीतली कंपनी काढली. त्या काळातल्या त्यांच्या कंट्रोलरमध्ये एक अजब चीज सापडते, बबल मेमरी. बेल लॅब्जच्या अँड्र्यू बोबेक यांचं हे अपत्य. गार्नेटच्या पातळ थरात चुंबकत्वाचे सूक्ष्म ठिपके, म्हणजे 'बुडबुडे', तयार करायचे आणि बाहेरून फिरतं चुंबकीय क्षेत्र लावून त्यांना रांगेत पुढे ढकलत राहायचं. बुडबुडा आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. पंढरीच्या दर्शनबारीसारखं, आपला नंबर येईपर्यंत थांबा! त्यामुळे वेग बेताचा. पण हलणारा एकही भाग नाही, धुळीला भीक घालत नाही, धक्के सोसते, आणि मुख्य म्हणजे वीज गेली तरी आठवण शाबूत. कारखान्यासाठी याहून चांगलं काय हवं?

१९७९ मध्ये इंटेलने दहा लाख बिटांची बबल चिप आणली तेव्हा आता हार्ड डिस्कची सद्दी संपणार असं बोललं जात होतं. संपली बबलचीच. डिस्क स्वस्त होत गेल्या, सेमीकंडक्टर मेमरी त्याहून स्वस्त. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेलने तो धंदा गुंडाळला. फानुकच्या पुढच्या आर-जे मालिकेच्या कंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम जाऊन बसले एसरॅममध्ये. वेगवान, स्वस्त, भरवशाची. आणि वीज गेली की क्षणात कोरी. म्हणून शेजारी एक लिथियम बॅटरी.

माझ्या मते जुन्या रोबोंच्या बॅकअपची खरी गोष्ट इथे सुरू होते. ड्रम आणि बबलच्या काळात आठवण ही वस्तू होती. आता ती चालू ठेवावी लागणारी क्रिया झाली, देवासमोरच्या नंदादीपासारखी. तेल संपलं की काळोख. आणि त्यातही मूळ प्रत अजून यंत्रातच.

आणखी एक विषयांतर करतोच, कारण ते इथलंच आहे. जीएमफानुकने रोबोसाठी जी भाषा काढली तिचं नाव कारेल, चेक लेखक कारेल चापेकच्या नावावरून. १९२० मध्ये लिहिलेल्या त्याच्या 'आर. यू. आर.' या नाटकाने जगाला 'रोबो' हा शब्द दिला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण नाटकातली कळीची घटना कुणाला आठवत नाही. रोबो बनवायची कृती एका हस्तलिखितात असते, त्याची नक्कल कुणीच केलेली नसते, आणि हेलेना ते शेकोटीत जाळून टाकते. मग माणसं संपतात, रोबोंनाही नवे रोबो करता येत नाहीत, सगळेच अडकतात. थोडक्यात काय, रोबोंवरचं पहिलं नाटक बॅकअप नसण्यावर आहे!

आता कृती. आर-जे मालिकेतला आर-जे३ हा कंट्रोलर १९९० च्या दशकाच्या शेवटी आला आणि तो अजूनही पुष्कळ ठिकाणी राबतो आहे. परदेशातले कारखाने असे रोबो काढून टाकतात आणि ते दुसऱ्या हाताने आपल्याकडे येतात. असाच एक मी भोसरीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पाहिला. मालकाने सहज विचारलं, "हे बॅटरीचं काहीतरी दाखवतंय बरेच दिवस, पण चालतोय की! करायलाच पाहिजे का काही?" रोबो सायलेन्सरच्या ब्रॅकेटना वेल्डिंग करत होता आणि त्याला शिकवणारा ऑपरेटर कधीच नोकरी सोडून गेला होता. पेंडंटच्या पडद्यावर कंट्रोलरची बॅटरी उतरल्याची सूचना. बंद होतं ते फक्त रविवारी, वीज बंद करून. म्हणजे तो दर रविवारी एक जुगार खेळत होता.

पहिलं काम, बॅटरीला हात लावायच्या आधी बॅकअप. आर-जे३ मध्ये मेमरी कार्डासाठी पीसीएमसीआयएचा खाचा असतो. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड अडॅप्टरमध्ये घालून चालतं, पण दुकानात मिळणारं मोठ्ठं कार्ड नको. हा कंट्रोलर जुन्या फॅट फॉरमॅटच्या जमान्यातला, दोन जीबीच्या आतलं लहान कार्डच त्याला समजतं. 'कार्ड वाचत नाही' या तक्रारीतली बरीच प्रकरणं इथेच मिटतात. त्याआधीचे कंट्रोलर असतील तर सिरियल पोर्टवरून फ्लॉपीच्या डब्यात किंवा फ्लॉपीचं सोंग घेणाऱ्या कॉम्प्युटरात फाइली उतरवाव्या लागतात. तिथे अडतं ते केबलच्या जोडणीवर आणि कंट्रोलरमध्ये पोर्टवर कोणतं उपकरण आहे म्हणून निवडलंय त्यावर. दोन्हीकडे वेग ९६०० असूनही समोरचा गप्प बसला असेल तर आधी ते उपकरणाचं नाव तपासा. लॅपटॉपला लावलेलं स्वस्तातलं यूएसबी-सिरियल डोंगल हा दुसरा संशयित.

कार्ड घातलं, फाइल मेनूत गेलं, बॅकअपमध्ये 'ऑल ऑफ अबव्ह' निवडलं की कंट्रोलर एक प्रश्न विचारतो: बॅकअपच्या आधी कार्डावरचं सगळं पुसू का? इथे क्षणभर थांबा. एकच कार्ड घेऊन पाच रोबोंपुढून फिरणारा माणूस सवयीने 'येस' दाबत जातो आणि संध्याकाळी त्याच्याकडे फक्त पाचव्या रोबोचा बॅकअप असतो. दरवेळी कार्ड कॉम्प्युटरवर रिकामं करा आणि फोल्डरला रोबोचं नाव आणि तारीख द्या. (हे लिहायची गरज नाही असं वाटतं ना? असते.)

मग उतरलेल्या फाइली उघड्या डोळ्यांनी बघा. .टीपी म्हणजे शिकवलेले प्रोग्रॅम, .एसव्ही म्हणजे सिस्टीमच्या गोष्टी, .व्हीआर म्हणजे रजिस्टरं, .आयओ म्हणजे बाहेरच्या सिग्नलांच्या जोडण्या. .एलएस फाइली नोटपॅडमध्ये छान वाचता येतात, म्हणून लोक त्याच जपून ठेवतात. पण त्यासाठीचं खास ऑप्शन कंट्रोलरमध्ये नसेल तर त्या परत चढत नाहीत. परत चढते ती .टीपी. वाचता येते ती प्रत आणि चालवता येते ती प्रत वेगवेगळी, हे एकदा डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. आणि सिस्टीमच्या फाइली परत चढवायच्या तर प्रीव्ह आणि नेक्स्ट ही बटणं दाबून धरून कंट्रोलर 'कंट्रोल्ड स्टार्ट'मध्ये सुरू करावा लागतो, नेहमीच्या अवस्थेत तो त्या सगळ्या घेत नाही. बॅकअप चांगला असूनही 'लोड होत नाही' म्हणून हताश झालेले लोक बरेचदा याच पायरीवर अडलेले असतात.

याशिवाय दुसरा बॅकअप हवाच, इमेजचा. एफ-१ आणि एफ-५ दाबून धरून वीज चालू केली की बूट मॉनिटर येतो. तिथून फ्लॅश आणि एसरॅम दोन्ही मेमरींची जशीच्या तशी छाप कार्डावर घेता येते. बोर्ड मेला आणि तशाच जातीचा दुसरा मिळाला तर ही छाप देवासारखी धावून येते. पण त्यातला एकच प्रोग्रॅम काढून द्या म्हटलं तर जमत नाही. म्हणून दोन्ही घ्या. मगच ती ३ व्होल्टची लिथियम बॅटरी बदला: कंट्रोलर थोडा वेळ चालू ठेवून बंद करायचा आणि जुनी काढून नवी लगेच लावायची, मधली काही मिनिटं कपॅसिटर तग धरतो. जुनी काढून ठेवून नवी आणायला बाजारात जायचं नाही.

झालं? नाही ना! आमचे सॉफ्टवेअरवाले नेमके इथे फसतात, कारण रोबोमध्ये अजून एक आठवण आहे आणि ती कंट्रोलरमध्ये नाहीच. ती हातात आहे. प्रत्येक सांध्याच्या मोटरवर एन्कोडर असतो आणि मोटर आतापर्यंत किती फेरे फिरली आहे हे तो वीज नसतानाही लक्षात ठेवतो. कशाच्या जोरावर? बऱ्याच मॉडेलमध्ये रोबोच्या बुडाशी एका डब्यात चार मोठे सेल असतात, जुन्या टॉर्चमध्ये घालायचो तसलेच. ते साधारण वर्षाला बदलायचे असतात, आणि बदलताना कंट्रोलर चालू हवा. म्हणजे एक बॅटरी बंद करून बदलायची आणि दुसरी चालू ठेवून! नियम उलटसुलट झाले की पडद्यावर सर्वो ०६२ हा अलार्म येतो आणि वर्कशॉपात शांतता पसरते.

मग काय होतं? प्रोग्रॅम शाबूत असतो. सगळे बिंदू अगदी दशांशापर्यंत बरोबर. फक्त शून्य कुठे आहे हे हाताला आठवत नसतं. नकाशा आहे, पण आपण नकाशावर कुठे उभे आहोत ते माहीत नाही. शून्याशी नातं जोडणारे आकडे, म्हणजे मास्टरिंगचे आकडे, सिसमास्ट.एसव्ही या फाइलीत बॅकअपमध्ये असतात. कंट्रोलरची मेमरी गेली आणि हातातले सेल जिवंत असतील तर ती फाइल चढवून काम भागतं. पण सेलच मेले तर ते आकडे ज्या मोजणीवर उभे होते ती मोजणीच पुसलेली असते. फाइल आहे, तरी उपयोग नाही.

तेव्हा कृती अशी: सिस्टीममधला मास्टर-कॅल मेनू उघडायचा (दिसत नसेल तर मास्टर-एनब हे व्हेरिएबल १ करायचं), तिथून पल्सकोडर रीसेट करायचे आणि कंट्रोलर बंद करून पुन्हा चालू करायचा. आता ०७५ हा अलार्म आला तर ज्या सांध्यांची तक्रार असेल ते किमान मोटरचा एक फेरा होईल एवढे हलवायचे. मग हात शून्य स्थितीत आणायचा आणि मास्टरिंग नव्याने करायचं. शून्य स्थिती ओळखायची कशी? प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंना कोरलेल्या खुणा असतात, त्या समोरासमोर आणायच्या. रंगाच्या थराखाली, वेल्डिंगच्या शिंतोड्यांखाली त्या दडलेल्या असतात. डोळ्याने जुळवलेल्या खुणेत केसभर फरक राहतो आणि हाताच्या टोकाला त्याचे मिलिमीटर होतात. मग सगळे बिंदू पुन्हा तपासायचे. सगळं ठीक असताना आधीच क्विक मास्टरिंगची संदर्भ स्थिती नोंदवून ठेवली असेल तर हा त्रास बराच वाचतो. दुसऱ्या हाताच्या रोबोवर ती कुणी नोंदवलेली असेल याची खात्री धरू नका.

एबीबीवाल्यांची एक रीत मला फार आवडते. सांध्यांच्या कॅलिब्रेशनचे आकडे ते रोबोच्याच अंगावर एका लेबलवर छापून चिकटवतात. फानुकच्या रोबोबरोबरही मास्टरिंगच्या आकड्यांचा कागद येतो. एवढा ड्रम, बबल, एसरॅमचा प्रवास करून शेवटी भरवसा कुणावर, तर कागदावर.

भोसरीच्या कंट्रोलरमध्ये तसा कागद नव्हता, कुठल्यातरी सफाईत गेला असावा. तिथे आम्ही कंट्रोलर चालू ठेवूनच हातातले चार सेल बदलले, सहाही सांध्यांच्या खुणा घासून साफ केल्या, हात शून्यावर नेऊन क्विक मास्टरिंगचा संदर्भ नोंदवला आणि प्रत्येक खुणेचा जवळून फोटो काढला. मास्टरिंगचे सहा आकडे मालकाने मार्करने कंट्रोलरच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिले, खाली तारीख टाकली. नव्या कंट्रोलरना यूएसबी असतं, ठरल्या वेळी आपोआप बॅकअपही घेतात, पण फानुकच्या कितीतरी मॉडेलांच्या हातात ते सेल अजून आहेतच. सेलच्या डब्यावर आता त्यांनी एक चिठ्ठी लावली आहे: "चालू असतानाच बदलणे."